नव्या माणसाला जास्त पगार? मग असं बोला

परवा रुजू झालेल्याचा पगार आपल्यापेक्षा जास्त आहे हे कळलं की जीव जळतो. पण त्याच तिरमिरीत साहेबांच्या केबिनमध्ये शिरू नका, आणि त्याचं नाव तर मुळीच काढू नका.

आधी आकडा तपासा. तो सीटीसी, म्हणजे कंपनीचा त्याच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, सांगतोय की हातात येणारी रक्कम? सीटीसीत बहुधा कंपनीच्या वाट्याचा पीएफ, मूळ पगाराच्या १२ टक्के, आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्केही धरलेले असतात.

मग अंधेरी, बीकेसी, ऐरोलीत तुमच्याच कामाला काय देतात ते बघा. जमलं तर एखादी मुलाखत देऊन या. वर्षभराचं काम एका पानावर लिहा. नव्यांना काम तुम्हीच शिकवलं असेल तर ते सगळ्यात वर. माझ्या मते याहून जोरदार मुद्दा नाही.

एप्रिलची वाढ असेल तर जानेवारीतच वेळ मागा, मार्चमध्ये बजेट वाटून झालेलं असतं. नेमका आकडा सांगा आणि गप्प राहा. समोरून "बघू" आलं तर "कधीपर्यंत?" विचारा, आणि संध्याकाळी लोकल पकडण्याआधी तेच दोन ओळींत ईमेल करा.