टीम लीड झालो आणि पोटात गोळा आला

लीड झाल्याचा मेल आला तेव्हा मी हिंजवडी फेज २ ला टपरीवर चहा पीत होतो, आणि खरं सांगतो, आनंद वगैरे नंतर, आधी डोक्यात आलं की एचआरवाल्यांनी नावात घोळ घातलाय. टीममध्ये ८ जण, त्यातल्या एकाने तर मला गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायचं टूल) शिकवलेलं. आता त्याचं अप्रेझल मी करायचं?

पहिले ३ महिने मी जे केलं ते तुम्ही करू नका. क्लायंट कॉलवर सगळं कळल्यासारखी मान डोलवायची आणि मग रात्री २ पर्यंत यूट्यूबवर तेच शोधत बसायचं. कोणाचं काम अडलं की शिकवायचं सोडून स्वतःच करून टाकायचो, म्हणजे कसं, लायकी सिद्ध! पोरं रिकामी बसलेली आणि माझ्या झोपेचं खोबरं.

मग एका रात्री प्रॉडक्शन, म्हणजे क्लायंटची चालू सिस्टीम, बंद पडली. डेटाबेसची कनेक्शन्स संपत होती, का ते मला ओ की ठो कळेना. दमलो होतो म्हणून असेल, सगळ्यांसमोर बोलून गेलो, "मला नाही कळत आहे, कोणी आधी बघितलंय का हे?" गिटवाला म्हणाला, "थांब रे, मी बघतो, तू तेवढं क्लायंटला सांभाळ." ४० मिनिटांत सुरू. लीडचं काम काय असतं ते मला त्याच्या त्या एका वाक्यात कळलं, ट्रेनिंगमध्ये नाही.

आपली लायकी नाही, कधीतरी पकडले जाऊ असं वाटत राहणं, याला इम्पोस्टर (म्हणजे तोतया) म्हणतात हे नंतर वाचलं. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघींनी १९७८ मध्ये कर्तबगार बायकांबद्दल लिहिताना हा शब्द वापरला, तोही 'फिनॉमिनन' (म्हणजे नुसता अनुभव) म्हणून, सिंड्रोम हा आजारासारखा शब्द लोकांनी मागून चिकटवला. आजार नाही म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं.

पण सगळंच मनाचे खेळ म्हणून सोडू नका हां. मी वहीत लिहून काढलं की नक्की कशाची भीती वाटते. एस्टिमेट काढणं, अप्रेझल लिहिणं खरंच येत नव्हतं, कारण कोणी शिकवलंच नव्हतं, मग मॅनेजरकडून जुनी शीट मागून घेतली आणि शिकलो. बाकी यादी म्हणजे इंग्रजी अडखळतं, कॉलेज लातूरचं, असलं काहीतरी. त्यावर काट मारली. (इंग्रजी अजून अडखळतं.)

अप्रेझलला गिटवाल्याला त्याच टपरीवर नेलं आणि म्हटलं, तूच सांग तुला काय रेटिंग देऊ. मी ठरवलेलं त्यापेक्षा त्याने एक कमीच सांगितलं.