पेरणीची तारीख जपा: जीडब्ल्यूटीत 'कॅलेंडरयुटिल' वापरताना

दारव्ह्याकडच्या एका शेतकरी गटासाठी मी पीक नोंदींचं पान जीडब्ल्यूटीत, म्हणजे गुगल वेब टूलकिटमध्ये लिहिलं. इथे जावाचा कोड ब्राउझरसाठी जावास्क्रिप्टमध्ये बदलतो, पण जावातलं सगळंच सोबत येत नाही. तारखेच्या क्लासपैकी 'डेट' मिळतो, 'कॅलेंडर' आणि 'सिंपलडेटफॉरमॅट' मिळत नाहीत. तारीख छापायला 'डेटटाइमफॉरमॅट' आणि हिशोबाला 'कॅलेंडरयुटिल' घ्या.

आता खरी मेख. सोयाबीनची पेरणी 20 जूनची, त्यानंतर 30 दिवसांनी पिकाची पाहणी. मी 'ॲडडेजटूडेट'ला पेरणीचीच तारीख दिली. ही मेथड नवी तारीख परत देत नाही, दिलेलीच बदलते. पाहणी 20 जुलैला बरोबर दिसली, पण पेरणीही 20 जुलैची झाली! एका काकांनी वही उघडून दाखवली तेव्हा जीव कासावीस झाला, कारण त्या तारखेवरच त्यांचं पुढचं सगळं ठरतं. म्हणून आधी 'कॉपीडेट'ने प्रत काढा, मग त्या प्रतीत दिवस मिळवा.

दोन तारखांमधले दिवस मोजायला त्यांच्यातल्या मिलिसेकंदांचा भागाकार करू नका. संध्याकाळी 7 ला केलेली नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी 7 ला पाहिली, तर 12 तासच होतात आणि पूर्णांकी उत्तर शून्य येतं. 'गेटडेजबिटवीन' वेळ बाजूला ठेवून 1 दिवस सांगतो, आणि शेतकरीही तसाच मोजतो. 'डेट'मधून महिना देणारा 'गेटमंथ' मात्र शून्यापासून सुरू होतो, म्हणजे जून 5.