ग्रुपवरचा खोटा मेसेज खोडून काढताना या चुका टाळा

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते आठवतंय ना? भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना लोकांनी मुलं पळवणारी टोळी समजून ठार मारलं. त्या वर्षी देशभर जो व्हिडिओ फिरत होता, बाईकवरून पोरगं उचलून नेणारा, तो मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा. शेवटी मूल परत आणून देतात तेवढा भाग कुणीतरी कापून टाकला होता.

म्हणून मला हे नुसतं फॉरवर्डचं प्रकरण वाटत नाही. आणि खोडून काढणारे आपण पण चुकतो.

मी वर्षानुवर्षं केलेली चूक म्हणजे "टोळी आलीय ही अफवा आहे, टोळी नाहीये" असं मोठ्या अक्षरात लिहायचं. डोक्यात काय राहतं? टोळी! परत परत कानावर पडलेलं वाक्य खरं वाटायला लागतं, १९७७ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगातून दाखवलंय. त्यामुळे सुरुवात खऱ्याने करा, "हा व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधला आहे", मग खोटं काय ते एकदाच सांगा, कुठे कापलंय ते दाखवा आणि शेवट पुन्हा खऱ्यावर आणा. नुसतं "फेक आहे" म्हटलं की माणसाच्या मनात प्रश्न उरतोच की मग हा व्हिडिओ आला कुठून, आणि त्याचं उत्तर नसलं की जुनीच गोष्ट परत येऊन बसते.

दुसरं, असा मेसेज टाकणाऱ्या मामांना सगळ्यांसमोर उघडं पाडू नका. त्यांनी भाच्यापुतण्यांच्या काळजीनेच पाठवलेलं असतं. फोन करा, "मामा, हे तुम्हाला कुणी पाठवलं? मी जरा शोधलं तर असं असं निघालं" एवढंच बोला, आणि दुरुस्तीचा मेसेज ग्रुपवर त्यांनाच टाकू द्या.

"सांगून उपयोग नाही, उलट जास्तच हट्टाला पेटतात" असं म्हणून सोडूनही देऊ नका. २०१० च्या एका अभ्यासात तसं दिसलं होतं खरं, पण नंतर मोठे प्रयोग झाले त्यात बहुतेकदा तसं काही झालं नाही, दुरुस्ती वाचून लोकांची समजूत थोडीतरी सुधारते. फक्त काही दिवसांनी विसरतात, म्हणून परत सांगावं लागतं.

आणि मेसेज यायची वाट कशाला बघायची? विल्यम मॅकग्वायर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलं होतं की लस टोचतो तसं खोट्या युक्तिवादाचा सौम्य डोस उत्तरासकट आधीच दिला तर मन तयार राहतं. घरात गप्पा मारताना दाखवून ठेवा ना, "डिलीट व्हायच्या आत पाठवा" का लिहितात, तारीख आणि गावाचं नाव का नसतं, पोलिसांचं नाव कशाला घालतात.

इथे एक सांभाळा हं, "व्हॉट्सअॅपवरचं सगळंच खोटं" असं शिकवू नका. मी आईला तसंच सांगून बसले होते, आणि मग पुराच्या वेळी प्रशासनाचा खरा इशारा आला तर ती म्हणाली, "तूच म्हणालीस ना विश्वास ठेवू नको!" आता आम्ही एकच ठरवलंय, भीती वाटली की आधी फोन, मग फॉरवर्ड.