समाजहिताचा व्यवसाय नोंदवताना

जुन्या साड्या आणि चादरी गोळा करून वस्तीतल्या महिलांकडून पिशव्या शिवून घ्यायच्या व त्या दुकानदारांना विकायच्या, असा व्यवसाय पुण्यात सुरू करायचा असेल, तर शिलाई यंत्रांच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: नफा झाला, तर तो कोणाचा? नोंदणीचा प्रकार या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे सीएकडे जाण्यापूर्वी ते कागदावर लिहून काढावे.

नफा कोणीच घरी न्यायचा नसेल, तर कंपनी कायदा, २०१३ मधील कलम ८ची कंपनी योग्य ठरते. तिला लाभांश वाटता येत नाही, मात्र प्राप्तिकर खाते आणि कंपनी व्यवहार मंत्रालय यांच्याकडे आवश्यक नोंदण्या केल्यावर व तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव जमल्यावर मोठ्या कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीसाठी खर्च करायचा) निधी राबवता येतो.

नफा राबणाऱ्यांचाच असावा असे वाटत असेल, तर सहकारी संस्थेचा विचार करावा. त्यासाठी वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान १० जण लागतात आणि प्रत्येकाला एकच मत असते. पुण्यात याचे उदाहरण दारोदार दिसते: १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिलेली, कचरावेचकांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही संस्था २००८ पासून महापालिकेशी केलेल्या कराराने घरोघरचा कचरा उचलते.

बाहेरचे भांडवल हवे असेल, तर खासगी मर्यादित कंपनीच घ्यावी लागते, आणि खरी काळजी इथेच घ्यायची असते, कारण नफा व समाजहित दोन्ही साधणाऱ्या व्यवसायासाठी आपल्याकडे कायद्याने वेगळा साचा दिलेला नाही. कंपनी कायद्याचे कलम १६६ संचालकांना कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचेही हित पाहायला सांगते, परंतु तेवढ्यावर विसंबणे माझ्या मते भाबडेपणाचे आहे. एका ओळखीच्या कंपनीच्या संकेतस्थळावर महिलांच्या स्वावलंबनाबद्दल पानभर मजकूर होता. मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीचा उद्देश नोंदवणाऱ्या स्थापनेच्या दस्तात, मात्र ‘कापडी वस्तूंचे उत्पादन व विक्री’ एवढीच ओळ होती. म्हणून उद्देश मेमोरँडममध्ये स्पष्ट लिहावा, आणि नफ्यातला ठरावीक वाटा शिवणाऱ्या महिलांच्या निधीत जाईल, ही तरतूद आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, घालावी. एरवी आर्टिकल्स तीन-चतुर्थांश मतांच्या विशेष ठरावाने बदलता येतात. कलम ५चा आधार घेऊन या एका तरतुदीसाठी त्याहून कडक अट, उदाहरणार्थ सर्व भागधारकांची संमती, ठेवता येते. हे स्थापनेच्या वेळीच करावे, कारण नंतर खासगी कंपनीत अशी अट घालायलाच सर्व सभासदांची संमती लागते. अशी तरतूद केल्याचे कंपनी निबंधकांना कळवावे लागते, हेही सीएला आठवणीने सांगावे.

कागद झाल्यावर हिशेब. बाजारभाव पाहून उरेल ती मजुरी देण्याऐवजी मजुरी आधी धरावी. एका महिलेला घड्याळ लावून १० पिशव्या शिवायला सांगावे आणि त्यात साडीचा फॉल उसवण्याचा व इस्त्रीचा वेळही मोजावा. नवखे उद्योजक नेमका तोच सोडतात. समजा चार तास लागले, तर आठ तासांत २० पिशव्या होतील, आणि दिवसाचे ५०० रुपये ठरवले असतील, तर शिलाई पिशवीमागे २५ रुपये पडेल. घाऊक गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला, तरी या आकड्याखाली जायचे नाही. हा दर बदलायचा झाल्यास शिवणाऱ्यांपैकी दोघींचे म्हणणे आधी ऐकून घेतलेच पाहिजे, असे कलमही त्याच आर्टिकल्समध्ये घालून घ्यावे.