क्रीमवाल्या पास्त्यात कोळंबी चिवट होऊ नये म्हणून

जळगावात समुद्र कुठून आणणार, आमच्याकडे कोळंबी म्हणजे फ्रोझनच, आणि क्रीमवाला पास्ता केला की कोळंबी रबरासारखी आणि सॉस फाटलेला हे ठरलेलंच. दोन-तीनदा पैसे वाया गेल्यावर आता असं करते:

१. कोळंबी बंद पिशवीतच थंड पाण्यात अर्धा तास ठेवायची (गरम पाणी अजिबात नाही), मग काळा धागा काढून फडक्याने एकदम कोरडी पुसायची. ओली टाकली की परतली जात नाही, नुसती उकडते.

२. बटरमध्ये मोठ्या आचेवर एका बाजूने दीड मिनिट, दुसरीकडून एक. गुलाबी होऊन अर्धगोल वळली की लगेच ताटलीत काढा, पार वेटोळं झालं म्हणजे गेली कामातून.

३. पास्ता पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी काढा आणि त्याचं वाटीभर पाणी ठेवाच. मी आधी सरळ सिंकमध्ये ओतायचे, पण त्या स्टार्चनेच सॉस धरून राहतो.

४. त्याच कढईत लसूण परतून पास्ता आणि थोडं पाणी घाला, मग गॅस बंद करून फ्रिजबाहेर काढून ठेवलेलं क्रीम. २५ टक्के फॅटवालं साधं फ्रेश क्रीम उकळलं की फाटू शकतं. कोळंबी अगदी शेवटी. घरचे वरून हिरव्या मिरचीचा ठेचा घेतात, काय बोलणार!

मीठ चाखूनच टाका, पास्त्याचं पाणी खारट असतं. आणि उरलेली वितळलेली कोळंबी परत फ्रीझरमध्ये ठेवू नका.