खार, कावळा, चतुर आणि इवलासा कोळी: रोजच्या ओळखीच्या प्राण्यांचे फोटो कसे काढायचे

सगळ्यात आधी फोनचा किंवा कॅमेऱ्याचा आवाज बंद करा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. शटरचा तो खोटा खचाक्, फोकस लागल्यावर वाजणारी बीप, फ्लॅश, आणि कमी उजेडात कॅमेऱ्याच्या तोंडाशी पेटणारा छोटा दिवा, सगळं ऑफ. खार तुमच्याकडे बघून पळायचं की नाही या विचारात असते आणि तेवढ्यात बीप वाजली की संपलं, शेपटी झटकत ती खोडाच्या पलीकडे आणि तुमच्याकडे झाडाच्या सालीचा एक सुंदर फोटो.

मी लिहितेय ते बागेत, गच्चीवर, तळ्याकाठी, रस्त्याकडेच्या झाडांवर सहज दिसणाऱ्या मंडळींबद्दल. यांना माणसांची सवय असते त्यामुळे साध्या फोनवरसुद्धा भारी फोटो मिळतात, महागडी लेन्स नाही म्हणून अडून बसायची गरज नाही. फक्त किती जवळ यायचं हे त्या प्राण्याला ठरवू द्यायचं, आपण गपचूप बसायचं.

आणि बसायचं म्हणजे खरंच खाली बसायचं. उभा माणूस त्यांच्यासाठी डोंगराएवढा, त्यात तो हलला की धोका. खाली बसलात की तुम्ही लहान दिसता, शिवाय कॅमेरा आपोआप त्यांच्या डोळ्यांच्या लेव्हलला येतो. वरून काढलेला खारीचा फोटो म्हणजे नुसती पाठ आणि जमीन, तोच तिच्या उंचीवरून काढलात तर मागचं गवत लांब जाऊन धूसर होतं आणि चेहरा एकदम उठून दिसतो. फोन असेल तर उलटा धरा, म्हणजे लेन्सची बाजू खाली, जवळजवळ जमिनीला टेकलेली. एवढ्याशा बदलाने फोटो कुठच्या कुठे जातो, आणि यासाठी पोटावर झोपायलाही लागत नाही (झोपलात तर अजून छान, कपड्यांचं तुम्ही बघा).

जवळ जायचंच असेल तर सरळ त्याच्या दिशेने चालू नका. टक लावून बघत सरळ येणारं काहीही म्हणजे शिकारी, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. तिरकं चाला, नजर दुसरीकडे ठेवा, दोन पावलं टाका, थांबा, एखादा फोटो घ्या, परत दोन पावलं. मधेच खाणं थांबलं, मान वर आली, कान तुमच्याकडे वळले, पक्ष्याने अंग चोरून पिसं चापून घेतली की तिथेच थांबायचं, आणि शहाणे असाल तर एक पाऊल मागे घ्यायचं. मग तो परत खायला लागला किंवा चोचीने पिसं साफ करायला लागला तर समजा तुम्हाला परवानगी मिळाली. एका पायावर उभा राहून आळस देणारा पक्षी दिसला तर घाईच करू नका, त्याला तुमचं काही पडलेलं नाही आणि खरे मैत्रीतले फोटो तेव्हाच निघतात.

आता हे 'मैत्रीतले' प्रकरण जरा समजून घ्या, कारण बऱ्याच गोड वाटणाऱ्या फोटोंत प्राणी घाबरलेला असतो. माकडाने दात दाखवले म्हणजे ते हसतंय असं नाही, बहुतेक वेळा ती भीती किंवा माघार असते, आणि सोबत तोंड उघडून अंगावर आलं तर सरळ धमकी. स्लो लोरिस नावाच्या प्राण्याला कोणीतरी गुदगुल्या करतंय आणि तो हात वर करून मजा घेतोय असे व्हिडिओ खूप फिरतात, पण हात वर करणं हा त्याचा बचावाचा पवित्रा आहे, कोपराजवळच्या ग्रंथीतून विषारी द्रव येतो आणि तो चाटून मग चावायची ही तयारी असते. ऑस्ट्रेलियातल्या रॉटनेस्ट बेटावर क्वोक्का नावाचा हसऱ्या चेहऱ्याचा प्राणी आहे, तो स्वतःहून माणसांजवळ येतो, लोक सेल्फी काढतात, पण तिथेही त्याला हात लावणं आणि खायला घालणं यावर बंदी आहे. मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत तर अंदाजपंचे काम नकोच. अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: बायसन, हरणं वगैरेंपासून किमान २३ मीटर, अस्वल आणि लांडग्यापासून किमान ९१ मीटर. शांत चरणारा बायसन बघून लोक जवळ जातात आणि शिंगावर घेतले जातात, हे तिथे पुन्हा पुन्हा होत आलंय.

सेटिंगचं फार डोक्याला लावून घेऊ नका. शटरचा वेग, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं, नुसता बसलेला पक्षी असेल तर १/५०० सेकंदला काम होतं, पण खार, चिमण्या यांची मान सारखी हलते म्हणून १/१००० ठेवलेलं बरं, उडतानाचा हवा असेल तर १/२००० किंवा त्याच्या वर. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) ऑटोवर टाका आणि विसरून जा. फोटोत थोडे दाणे आले तर चालतात, हललेला डोळा नाही चालत. फोकस कायम डोळ्यावर, आणि डोळ्यात उजेडाचा एक ठिपका दिसतोय ना ते बघा, तो नसेल तर जिवंत प्राणीसुद्धा पेंढा भरल्यासारखा दिसतो. त्यासाठी सूर्य तुमच्या पाठीमागे किंवा जरा बाजूला हवा, सकाळी नाहीतर उतरत्या उन्हात. भर दुपारी सावलीतलं काहीतरी शोधा. ढगाळ दिवसाला नावं ठेवू नका, बेडूक, शेवाळ, ओली पानं यांना तोच उजेड लागतो, उन्हात ती नुसती चकाकतात.

कावळा जरा वेगळं प्रकरण आहे. एकतर तो काळा, त्यामुळे उजळ आकाशावर बसला की कॅमेरा आकाश बघून सगळं अंधारतो आणि कावळ्याचं भोक झालेलं दिसतं, तेव्हा एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, एक-दीड स्टॉप प्लस करा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पांढरा बगळा गर्द झाडीपुढे असेल तर बरोब्बर उलटं, मायनस. दुसरं म्हणजे कावळे माणसांचे चेहरे ओळखतात. वॉशिंग्टन विद्यापीठात संशोधकांनी एक ठराविक मुखवटा घालून कावळे पकडले आणि सोडले, त्यानंतर कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करायचे, आणि ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेही त्यात सामील व्हायचे. म्हणजे तुम्ही रोज साधारण त्याच वेळी, त्याच जागी, काही त्रास न देता बसलात तर तेही लक्षात राहतं. रोजच्या निसर्गाचे फोटो काढण्यातला हाच मोठा फायदा, प्राणी शोधत हिंडायचं नाही, आपणच त्या जागेचा भाग व्हायचं.

चतुर फोटोला एकदम सोपा, लोकांना उगाच अवघड वाटतो. पाण्याकाठी एखाद्या काडीच्या टोकावर बसलेला चतुर उडून गेला तर त्याच्या मागे धावू नका, तिथेच थांबा. बऱ्याच जातींचे चतुर एक फेरी मारून त्याच काडीवर परत येऊन बसतात. तो गेलेला असताना काडीच्या टोकावर फोकस लॉक करून ठेवा, दरवेळी जरासं पुढे सरका, पण तुमची सावली काडीवर पडू देऊ नका. फुलपाखरांना सकाळी लवकर गाठा. अंग तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही म्हणून ती पंख पसरून ऊन खात बसतात, आणि पंख सपाट असताना कॅमेराही पंखांना समांतर धरला की दोन्ही टोकं शार्प येतात. दहा वाजले की मग पळापळ.

आणि माझा सगळ्यात आवडता म्हणजे उड्या मारणारा छोटा कोळी, नखाएवढा, भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर, कुंडीच्या काठावर कुठेही असतो. इतर बऱ्याच कोळ्यांसारखा हा जाळ्यात वाट बघत बसत नाही, बघून शिकार करतो, त्यामुळे नजर जबरदस्त. तुम्ही जरा बोट हलवलंत की हा अख्खा वळून तुमच्याकडे तोंड करतो, समोरचे दोन मोठे गोल डोळे सरळ लेन्समध्ये. मधूनच त्या डोळ्यांचा रंग बदलल्यासारखा वाटतो, कारण बाहेरचं भिंग जागेवरच असतं आणि आतली नळी इकडेतिकडे वळते. फोनचा मॅक्रो मोड लावा, किंवा फोनवर चिकटवायचं भिंग वापरा, कोपर कशावर तरी टेकवा, श्वास सोडा आणि बर्स्ट मारा, म्हणजे एका दमात धडाधड फोटो घ्या, कारण एवढ्या जवळून फोकस केसभरच असतो आणि वीसातला एखादाच नीट येतो. हा कधी कधी उडी मारून थेट फोनवरच येतो, दचकून फोन टाकू नका म्हणजे झालं.

फोनवाल्यांसाठी अजून थोडं. लेन्स शर्टाने का होईना पुसून घ्या, अर्धे 'धुक्यातले' फोटो बोटांच्या डागांमुळे असतात. दोन बोटांनी ताणून झूम करू नका, फोनला दोन किंवा तीन एक्सची वेगळी लेन्स असेल तर तीच निवडा, त्यापुढे नुसतं कापणंच चालू असतं, ते घरी येऊनही करता येतं. स्क्रीनवर बोट दाबून ठेवलं की फोकस आणि उजेड लॉक होतो. फार चुळबुळ्या प्राण्याचा फोर-के व्हिडिओ घ्या, त्यातली एक फ्रेम साधारण आठ मेगापिक्सेलची निघते, शेअर करायला भरपूर झाली. आणि क्लिक करायच्या आधी मागे काय आहे ते बघा, डोक्यातून फांदी उगवलेला बुलबुल नको असेल तर अर्धं पाऊल बाजूला सरकलं तरी भागतं.

काही गोष्टी मात्र करायच्याच नाहीत. घरट्याजवळ जायचं नाही, फोटोत अडचण होते म्हणून फांद्या बाजूला सारायच्या नाहीत, त्या फांद्यांनीच ते घरटं ऊन आणि शिकाऱ्यांपासून लपलेलं असतं. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, तो बिचारा हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून भांडायला येतो. खाऊ टाकून जवळ बोलवायचं नाही. गवतात हरणाचं पाडस एकटं निपचित दिसलं तर ते अनाथ आहे असं धरून उचलू नका, आई बहुतेक जवळपासच असते आणि तुम्ही जायची वाट बघत असते, लांबून एक फोटो घ्या आणि निघा.

फोटो टाकताना लोकेशनही बघून घ्या, फोन ते फोटोत गुपचूप साठवत असतो. खारीचं किंवा चिमणीचं लोकेशन कळलं तर काही बिघडत नाही, पण घुबडाची ढोली किंवा एखाद्या दुर्मिळ पक्ष्याची जागा बाहेर गेली की लगेच तिथे गर्दी होते, म्हणून अशा वेळी लोकेशन काढून मगच फोटो पाठवा, आणि कोणी कुठला आहे विचारलं तर 'तळ्याकडचा' एवढंच सांगा.