जवळच्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांतला फरक कसा ओळखावा

‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’ या तिन्ही क्रियापदांचा अर्थ आपण ‘पाहणे’ असाच पाठ केलेला असतो. त्यामुळे बोलताना यातले कोणते वापरायचे, असा प्रश्न पडतो. हा फरक सुट्या शब्दाकडे कितीही वेळ पाहिले तरी कळत नाही, वाक्यात मात्र तो लगेच दिसतो. म्हणून एखादी जोडी अडली की पुढच्या क्रमाने जा.

१. पूर्ण वाक्य लिहा आणि शब्दांची अदलाबदल करा. ‘दे रॉब्ड द बँक’ आणि ‘दे स्टोल द मनी’ ही दोन वाक्ये घ्या. आता ‘दे स्टोल द बँक’ म्हणून पाहा. चोरांनी अख्खी बँकच उचलून नेली असा अर्थ होतो! ‘रॉब’नंतर ज्याला लुटले ती व्यक्ती किंवा जागा येते आणि ‘स्टील’नंतर चोरलेली वस्तू येते. मराठीत ‘बँक लुटली’ आणि ‘पैसे लुटले’ ही दोन्ही वाक्ये चालतात, म्हणून इथे आपला गोंधळ होतो. ‘से’ आणि ‘टेल’ यांनाही हीच कसोटी लावा. ‘टेल मी’ बरोबर, पण ‘से मी’ चूक. तिथे ‘से टू मी’ लागते.

२. मराठी शब्द शोधू नका, मराठी वाक्य शोधा. मला ही पायरी सर्वांत मोलाची वाटते, कारण पुष्कळदा इंग्रजीतला भेद आपल्या भाषेत आधीपासूनच असतो. ‘मला पक्षी दिसला’ हे ‘सी’, ‘मी वर पाहिले’ हे ‘लुक’, आणि ‘मी बराच वेळ सामना पाहत होतो’ हे ‘वॉच’. आवाज आपोआप ‘ऐकू येतो’ तेव्हा ‘हिअर’, आपण लक्ष देऊन ‘ऐकतो’ तेव्हा ‘लिसन’. फरक एवढाच, की मराठीत ‘मला दिसले’ म्हणतात आणि इंग्रजीत तिथेही ‘आय’च कर्ता होतो. अपवाद आहेतच: थिएटरात जाऊन चित्रपट पाहणे याला ‘सी’ सर्रास वापरतात, टीव्ही मात्र ‘वॉच’च करतात.

उलट बाजूही तपासा. ‘सोमवारपासून’ आणि ‘पाच दिवसांपासून’ या दोन्हींत आपले ‘पासून’ एकच असते. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स मंडे’, कालावधी सांगायचा तर ‘फॉर फाइव्ह डेज’. ‘सिन्स फाइव्ह डेज’ ही चूक आपल्याकडून होते ती इथूनच.

३. शेजारचे शब्द पाहा. शब्दाची ओळख त्याच्या सोबतीवरून होते, असे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडले. जोराचा पाऊस म्हणजे ‘हेवी रेन’, पण जोराचा वारा म्हणजे ‘स्ट्राँग विंड’. माणूस आणि झाड ‘टॉल’ असते, डोंगर ‘हाय’. याला प्रत्येक वेळी कारण सापडेलच असे नाही. जोड्याच लिहून ठेवाव्यात.

४. विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडा. ए. एस. हॉर्नबी यांचा, ऑक्सफर्डने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेला कोश (त्याच्या नव्या आवृत्त्या आजही निघतात) इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच रचलेला आहे. १९८७ मध्ये आलेला कॉलिन्स कोबिल्ड तर अर्थच पूर्ण वाक्यात सांगतो. आधी उदाहरणे वाचा, मग व्याख्या. ‘हिस्टॉरिक’ म्हणजे इतिहासात महत्त्वाचे ठरणारे आणि ‘हिस्टॉरिकल’ म्हणजे इतिहासाशी संबंधित. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे अर्थव्यवस्थेचे आणि ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचे. हे फरक उदाहरणांतून पटकन कळतात.

५. नियम किती पक्का आहे तेही विचारा. ‘अफेक्ट’ क्रियापद आणि ‘इफेक्ट’ नाम, हे बहुतेक वेळा खरे. पण बदल घडवून आणणे या अर्थाने ‘इफेक्ट’ क्रियापदही होते. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’, न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’, या नियमाचे मूळ इंग्रजीच्या वापराविषयी लिहिणारे रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये व्यक्त केलेल्या वैयक्तिक पसंतीत सापडते. त्याआधी ‘लेस’ दोन्हीकडे वापरत असत. अंतर, वेळ आणि पैसे यांच्या आकड्यांबरोबर आजही ‘लेस दॅन’च रूढ आहे. परीक्षेत किंवा औपचारिक लेखनात नियम पाळा, पण दहा किलोमीटरपेक्षा कमी अंतराला कोणी ‘लेस दॅन टेन किलोमीटर्स’ म्हटले तर त्याला चूक ठरवू नका.